नळीने ओ दिली

भिंगरी समुद्रावर आली होती ती चाच्यांसाठी, बाटल्या धुण्यासाठी नव्हे. पण मावशीच्या बोटीवर पाऊल ठेवल्यापासून तिच्या हातात जी बाटली आली, ती काही सुटायचं नाव घेईना. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. आणि प्रत्येक बाटलीत समुद्राच्या पाण्याचा नमुना भरण्याआधी ती त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्यायची. आधीच्या पाण्याचा थेंबही राहता कामा नये, असा मावशीचा कायदा होता. मावशी पाठमोरी असली तरी तिला आवाजावरून कळायचं.

"दोनदाच झालं," ती मान न वळवता म्हणायची.

भिंगरीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी घटकाभर टिकत नसे. असल्या मुलीला बाटल्यांच्या पेटीपुढे बसवणं हा शुद्ध छळ होता, आणि हे तिने मावशीला अनेकदा सांगूनही झालं होतं. मावशी समुद्राचा अभ्यास करायची. पाणी किती खारट, किती गरम, कुठून येतं, कुठे जातं, हेच तिचं आयुष्य. भाचीला सुट्टीत सोबत नेते म्हणाली तेव्हा भिंगरीने आनंदाने घर डोक्यावर घेतलं होतं. आता तिला त्या आनंदाची लाज वाटत होती.

कारण बोटीवर बघण्यासारखं सगळं होतं आणि हात लावण्यासारखं काहीच नव्हतं. सुकाणू कप्तानकाकांचं. इंजिन मिस्त्रीचं. उरलेलं सगळं मावशीचं. "बघ, पण हात लावू नकोस," हे वाक्य भिंगरीने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते झोपेतही तिच्या कानात वाजायचं. कप्तानकाकांनी तेवढी दया येऊन तिला एक गाठ शिकवली होती. जितकी ओढावी तितकी आवळणारी. भिंगरी ती बसल्या बसल्या स्वतःच्या बुटांच्या नाड्यांना मारायची आणि मग बूट काढताना तिच्या नाकी नऊ यायचे.

त्या सकाळी तर कहर झाला. वर्षभर समुद्राच्या तळाशी बसलेली मावशीची मोजणारी नळी त्या दिवशी वर काढायची होती. नळी लोखंडी पिंजऱ्यात होती, पिंजऱ्याला पिवळे तरंगणारे गोळे होते, आणि गोळ्यांनी तिला वर उचलू नये म्हणून खाली साखळ्यांचं वजन टांगलेलं होतं. मावशीकडे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. त्याला जोडलेला छोटा गोळा दोरीने पाण्यात सोडायचा आणि बटण दाबायचं. यंत्र पाण्यातून हाक मारायचं, तळाशी नळी ती ऐकायची, एक 'टिक' करून ओ द्यायची, मग वजन सोडून द्यायची. सोडलं की 'टिक टिक'. आणि पिवळे गोळे नळीला घेऊन वर.

"मी दाबू?" भिंगरीने विचारलं.

"बघ, पण हात लावू नकोस."

टिक. मग टिक टिक. आणि बोटीपासून थोड्या अंतरावर पिवळे गोळे भुसकन वर आले. मावशीने नळीला मिठीच मारली. भिंगरीला कधी मारली नव्हती इतकी घट्ट.

"यात आख्खं वर्ष आहे," मावशी म्हणाली. "बंदरात गेलो की उघडून उतरवून घेऊ. तोवर हिला काही झालं तर संपलं. गेलेलं वर्ष पुन्हा मोजता येत नाही."

पिंजरा तसाच, गोळ्यांसकट, बोटीच्या मागच्या टोकाला ठेवला गेला, आणि भिंगरी पुन्हा बाटल्यांकडे पाठवली गेली.

जेवणाआधी मावशीने तिला आत बोलावलं. समोर काचेची लांबट टाकी होती. तळाशी खारं पाणी, आणि त्यावर अलगद ओतलेलं, शाईने निळं केलेलं गोडं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नव्हती. मावशीने वर एक लाकडी होडी सोडली आणि दोऱ्याने ओढली. होडी थोडी गेली आणि अडखळली. वरचं पाणी सपाट, पण निळ्याच्या पोटात एक मोठी, आळशी लाट उठली होती.

"वर डोंगरात पाऊस झालाय," मावशी म्हणाली. "नदीचं गोडं पाणी हलकं, ते मुखाशी समुद्रावर असं पसरतं. जड बोट त्यात शिरली की तिची सगळी ताकद ही आतली लाट उठवण्यातच जाते. इंजिन ओरडतं, बोट हलत नाही. याला मृत पाणी म्हणतात. जुन्या खलाशांना वाटायचं, भूतच बोटीला धरून बसलंय."

"मग भूत आहे का?"

"नाही. लाट आहे."

म्हणजे चाचे नाहीत ते नाहीतच, भूतसुद्धा नाही. भिंगरीने कपाळाला हात लावला.

आणि त्याच दुपारी चाचे आले.

आले म्हणजे एका काळ्या वेगवान होडीतून तीन माणसं आली आणि त्यातली दोघं शिडी न मागता वर चढली. भिंगरी बाटल्यांच्या पेटीमागे सरकली खरी, पण तिची निराशाही झालीच. एकाच्याही डोळ्यावर पट्टी नव्हती. पुढाऱ्याला इतकी सर्दी झाली होती की धमकी देताना मधेच थांबून त्याला नाक पुसावं लागत होतं. दुसऱ्याच्या पायात घरात घालायच्या चपला होत्या. तिसरा त्यांच्या होडीत मोटरजवळच बसून राहिला. सर्दीवाल्याच्या हातात मात्र लांब लोखंडी गज होता आणि त्याने पहिलाच फटका बिनतारी यंत्रावर घातला. किनाऱ्याशी बोलायची सोय तिथेच संपली.

"बोट आमची," तो म्हणाला आणि शिंकला. "नदीत आत नेणार, सुटी करून विकणार. तुम्हाला काठावर सोडू. गडबड नको."

मिस्त्रीने इंजिन आधीच बंद पाडलं होतं. त्यातला बोटाच्या पेराएवढा एक भाग काढून त्याने गालात धरला होता, त्यामुळे चपलावाल्याने काहीही विचारलं तरी तो फक्त मान हलवत होता.

"मुका दिसतोय," चपलावाला म्हणाला. इंजिन काही चालू होईना, तेव्हा त्यांनी मिस्त्री आणि कप्तानकाकांना पुढच्या खोलीत कोंडलं, आपल्या होडीला दोर बांधला आणि बोट ओढत न्यायला सुरुवात केली. मावशी बोटीचा कोपरान्‌कोपरा जाणते म्हणून तिला मोकळं ठेवलं, आणि भिंगरीला कोणी मोजलंच नाही.

सर्दीवाला बोटभर हिंडून काय काय न्यायचं ते बघत होता. मागे नळीपाशी थांबला. ऊन लागून ती चमचमत होती.

"ओ बाई, हे काय?"

आता मावशीला खोटं बोलता येत नसे, आणि कोणी प्रश्न विचारला तर गप्पही बसता येत नसे. या दोन खोडी एकाच माणसात असल्या की घरच्यांचे किती हाल होतात ते भिंगरीला माहीत होतं.

"समुद्र मोजायची नळी."

"चांदीची?"

"नाही हो. टायटॅनियमची. चांदी वर्षभर खाऱ्या पाण्यात टिकली नसती."

"म्हणजे चांदीपेक्षा भारी."

"या कामाला, हो," मावशी म्हणाली.

भिंगरीने डोळे गच्च मिटून घेतले. सर्दीवाल्याने नळीवर थाप मारली. "ही आमच्या होडीतून जाईल. जाताना मी स्वतः नेणार."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या हातापाया पडल्यासारखा आवाज काढला. "बाकी सगळं न्या. हिच्यात नुसते आकडे आहेत, तुम्हाला काही उपयोग नाही." पण आत्ताच चांदीपेक्षा भारी म्हणून झालं होतं, आता कोण ऐकतो.

तेवढ्यात बोट थांबली.

पुढे मोटर बोंबलत होती, फेस उडत होता, दोर ताणून तारेसारखा झाला होता, आणि बोट जागची हलत नव्हती. भिंगरीने वाकून पाहिलं. खालचं पाणी निळं नव्हतं, गढूळ तपकिरी होतं. नदीचं पाणी. तिच्या डोक्यात टाकीतली ती आळशी लाट उठली आणि तिला हसू आवरेना. भूत आलं होतं.

मग चाच्यांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. चपलावाल्याने नांगर तपासला, तो वरच होता. मोटरवाला म्हणाला, जाळं अडकलंय. चपलावाल्याला पाण्यात उडी मारायला लावलं, तो एक चप्पल गमावून वर आला आणि म्हणाला, काही नाही. मोटरवाला म्हणाला, मग चिखलात रुतलीय. दोरी सोडून खोली पाहिली, तर चार मजली इमारत उभी मावेल एवढं पाणी. सर्दीवाल्याने मोटरवाल्याला शिव्या दिल्या, मोटरवाल्याने बोटीला, आणि ऊन उतरू लागलं. संध्याकाळी बोटीकडून बिनतारी निरोप आला नाही की किनाऱ्यावरून पहाऱ्याची बोट शोधायला निघते, हे भिंगरीला माहीत होतं. फक्त असंच अडकून राहायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

सर्दीवाला घाम पुसत मावशीसमोर येऊन उभा राहिला. "ओ बाई. तुम्ही शिकलेल्या ना? ही बोट का हलत नाही?"

'का'. भिंगरीला मावशीच्या चेहऱ्यावर ते आलेलं दिसलं. कोणी 'का' विचारलं की तिचे डोळे असेच उजळायचे. भिंगरीने तिच्या पायावर पाय दिला.

"मावशी, नको."

"अगं, विचारलंय त्यांनी."

"ते चोर आहेत."

"पण प्रश्न बरोबर आहे ना," मावशी म्हणाली आणि सर्दीवाल्याला घेऊन टाकीकडे चालू लागली. "या, दाखवते. तुम्हीपण या. आधी मला सांगा, समुद्राचं पाणी सगळीकडे सारखंच असतं असं वाटतं का तुम्हाला?"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, ती टाकी उचलून समुद्रात फेकावीशी वाटली. घरी, शाळेत, बाजारात, जिथे जाईल तिथे ही बाई शिकवत सुटते, आणि आता चोरांना शिकवतेय, तेही स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवून. शिकवून झालं की ते सुटणार. सुटताना नळी नेणार.

मग तिच्या लक्षात आलं की मावशीचं शिकवणं लवकर आटपत नाही.

ती मागच्या टोकाला गेली. पिंजरा तिथेच होता. जुनं वजन तळाशी राहिलं होतं, पण बदली साखळ्यांचा जुडगा कोपऱ्यात पडला होता. नळी वर्षभर खाली राहिली, अजून थोडी राहील. हाक मारली की येईल. भिंगरीने जुडगा ओढला. मोटरच्या बोंबेत साखळीचा आवाज विरून गेला. तिने जुडग्यातून दोर ओवला, पिंजऱ्याच्या खालच्या दांडीला घेतला, आणि कप्तानकाकांची गाठ मारली. मग तीनदा झालं पाहिजे म्हणून आणखी दोनदा मारली.

"काय चाललंय?"

चपलावाला. एक चप्पल पायात, एक पाय अनवाणी. व्याख्यान कंटाळवाणं वाटून बाहेर आला असावा. भिंगरीने हाताला लागली ती बाटली उचलली.

"बाटल्या धुतेय. तीनदा धुवायच्या असतात."

"तीनदा कशाला?"

"आत विचारा. मावशी सांगेल."

त्याने आत डोकावलं. मावशी म्हणत होती, "आता यात मीठ किती घातलंय, ओळखा." चपलावाल्याला शाळेत मार खाल्लेला कुठला तरी वर्ग आठवला असावा. तो निमूट पुढच्या बाजूला निघून गेला.

पिंजरा भरलेल्या हंड्यासारखा जड होता. भिंगरीने तो आधी काठावर टेकवला, मग साखळ्या, मग सगळा जीव एकवटून लोटला. तपकिरी पाण्यात पिवळे गोळे क्षणभर दिसले आणि खाली गेले. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने बाटल्या सोडून मावशीच्या एखाद्या वस्तूला हात लावला होता.

आत सर्दीवाला लाकडी होडी स्वतः ओढून बघत होता. "अडकते," तो खूश होऊन म्हणाला. मग त्याला आपण कोण ते आठवलं. "मग सुटायचं कसं?"

"लाट निघून जाईपर्यंत थांबायचं," मावशी म्हणाली. "नाहीतर दोर सोडा. तुमची होडी हलकी आहे, तिला हे पाणी धरत नाही. अडकलीय ती आमची बोट."

सर्दीवाल्याने उतरत्या उन्हाकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि हात चोळत उठला. "सोडा दोर. ती नळी आण रे."

चपलावाला मागे जाऊन आला. "नळी नाही."

सगळे भिंगरीकडे बघू लागले.

"पाण्यात गेली," ती म्हणाली.

मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला तो खोटा असूच शकत नव्हता. ती खाली बसली. सर्दीवाल्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला पुरावा लागला नाही. रागाच्या भरात त्याने दुर्बीण उचलली, भांडी उचलली, आणि सीलबंद बाटल्यांची पेटीही उचलली, कारण ज्या वस्तूची एवढी काळजी घेतात ती भारीच असणार. भिंगरीने तीनदा तीनदा धुतलेली प्रत्येक बाटली त्याच्याबरोबर गेली. दोर सुटताच काळी होडी सुसाट निघाली आणि नदीच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

भिंगरीने पुढची खोली उघडली. मिस्त्रीने गालातून इंजिनाचा भाग काढला, थुंकला, आणि मग बराच वेळ बोलत राहिला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मावशी अजून खालीच बसली होती. भिंगरी तिच्याजवळ गेली.

"पडली नाही. मी सोडली. वजन लावून. गोळ्यांसकट. हाक मारली की येईल."

मावशीने मान वर केली. मग तिने भिंगरीला अशी मिठी मारली की सकाळची नळीची मिठी फिकी पडावी.

"आणि तू मुद्दाम वेळ काढत होतीस ना?" भिंगरीने तिच्या खांद्यातून विचारलं. "शिकवण्याच्या नावाखाली?"

मावशीचे कान लाल झाले. "नाही गं. त्याने विचारलं म्हणून सांगितलं."

हाक मारायचं यंत्र डब्यासारखं दिसत असल्यामुळे वाचलं होतं. मावशीने गोळा पाण्यात सोडला, बटण दाबलं. टिक. कप्तानकाका हसले. मग टिक टिक. चौघंही काठावर वाकून पाण्याकडे बघू लागली.

पाणी तपकिरी आणि सपाट होतं. काहीच आलं नाही.

मावशीने पुन्हा हाक मारली. नळीने पुन्हा ओ दिली. वजन धरणारा आपला हुक उघडाच असल्याचं शहाण्या मुलीसारखं सांगितलं, आणि वर आली नाही.

"वजन कुठे लावलंस?" मावशीने हळूच विचारलं.

"पिंजऱ्याला. खालच्या दांडीला. दोराने."

"हुकात नाही?"

"कुठला हुक?"

"कोणती गाठ?" कप्तानकाकांनी विचारलं.

"तुम्ही शिकवलेली. तीनदा मारली."

"मग ती सुटत नसते," कप्तानकाका म्हणाले. त्यांना अभिमान वाटावा की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

आणि मग भिंगरीचा बांध फुटला. दिवसभराचं सगळं, बाटल्यांसकट, बाहेर आलं. "मला काय माहीत हुक कुठला? तू चोराला टाकी दिलीस, होडी ओढायला दिलीस, मला एकदा तरी काही दिलंस? नुसतं बघ बघ बघ. बघून हुक कळतो का? चोराला हात लावू देतेस, मला का नाही?"

प्रश्न विचारला गेला होता, आणि मावशी गप्प होती. भिंगरीने असं कधी पाहिलं नव्हतं. मावशी पाण्याकडे बघत राहिली, मग साल निघालेल्या त्या तळहातांकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं."

ती आत गेली आणि बदली हुक घेऊन आली. भिंगरीच्या हातात दिला. जड होता, थंड होता, आणि उघडायला अंगठा नेमका कुठे लावायचा ते धरल्याबरोबर कळत होतं. इतकं सोपं होतं. भिंगरीला त्याचाच जास्त राग आला.

"बुडी मारणारे बंदरातून उद्या आणू," मावशी म्हणाली. "ते गाठ कापतील."

"तोवर ती काय करेल?"

"मोजेल. खाली जाताना गोडं पाणी, खारं पाणी, सगळं टिपलं असेल तिने. आपण अडकलो होतो त्याच पाण्यातून गेली ती."

कप्तानकाकांनी जागा खुणेने पक्की केली. मिस्त्रीने इंजिन जोडलं. आतली लाट कधीच निघून गेली होती, आणि उजेड असेपर्यंत निघायला हवं होतं. मावशीने यंत्र भिंगरीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः हात मागे घेतला.

"निघण्याआधी एकदा बघ, आहे ना ती."

"एकदा पुरे," मिस्त्री इंजिनापाशी कुरकुरला.

"तीनदा," मावशी म्हणाली.

भिंगरीने तीनदा बटण दाबलं. तिन्ही वेळा खालून ओ आली, आणि तिन्ही वेळा नळी जागची हलली नाही. गाठ पक्की होती.